न्हाणीतल्या मुंग्या

३० डिसेंबर २०२४, येळवस

ही डायरी भाच्यानं दिली. वैजनाथ माझ्या बहिणीचा मुलगा. उमरग्याला असतो, विम्याचं काम करतो. डायरीच्या पुठ्ठ्यावर एक नवरा, एक बायको आणि दोन लेकरं हसत उभी आहेत. छापील पानं एक जानेवारीपासून आहेत, पण सुरुवातीला एक कोरं पान सापडलं म्हणून आजच लिहितो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. कुणी वाचणार नाही, तेव्हा चुकलं तरी चालेल.

येळवसेची अमावस्या म्हणून सगळे शेतात होतो. कडब्याची खोप केली, पूजा झाली, रानभर आंबील शिंपडली. मी भज्जी आणि बाजरीचा उंडा खाल्ला. गव्हाची खीर घेतली नाही. मला नऊ वर्षांपासून साखरेचा आजार आहे. माझ्या वाटची खीर बायकोनं, धुरपदानं खाल्ली आणि वर तांब्यावर तांब्या आंबील प्याली. तिचं बरं आहे. उभ्या जन्मात तिनं गोळी घेतली नाही. अनवाणी फिरताना तुरीचं धसकट तिच्या अंगठ्यात घुसलं, तर हळद दाबली आणि पुन्हा वाढायला उठली.

जेवताना वैजनाथ म्हणाला, "मामा, तुमी इमा काढून टाका. आयुष्यभराचा."

"ह्या वयात?"

"मुदतीचा असला की मुदत सरली, पैसे गेले. ह्यात तसं न्हाय. आज जावा न्हायतर नव्वदीत जावा, मामीला पैसे मिळणार म्हंजी मिळणार."

"आज जावा" हे तो खीर ओरपत म्हणाला.

३ जानेवारी

झोप येत नाही. विम्याचंच डोक्यात आहे. का ते लिहून ठेवतो.

त्र्याण्णवच्या भूकंपात माझी पहिली बायको गेली. माझा मुलगा बजरंग चार वर्षांचा होता, त्याला ढिगाऱ्यातून जिवंत काढला. धुरपदाचा नवरा आणि पोरगी त्याच पहाटे गेली. पत्र्याच्या शेडमध्ये आमची खोली आणि तिची खोली शेजारी होती. बजरंग रडायला लागला की ती त्याला घेऊन जायची. पुढं चार माणसांनी मध्ये पडून आमच्या गळ्यात हार घातले. भटजी नाही, कागद नाही. तेव्हा कुणाजवळ कसला कागद होता? माझं वयसुद्धा शेडमधल्या साहेबानं तोंडाकडं बघून लिहिलं. त्या हिशेबानं मी एकसष्ट वर्षांचा आहे.

आता शेत माझ्या नावावर आहे. माझ्यामागं ते बजरंगचं. बजरंग पिकअप चालवतो, बायको दीपमाला आहे, चूल वेगळी आहे. गेल्या पावसाळ्यात तो म्हणाला, "आबा, शेत माझ्या नावावर करा, ठिबक बसवायचंय, कागद लागतो." मी हो-नाही काहीच बोललो नाही. त्याची ती सख्खी आई नाही. मी गेल्यावर त्यानं तिला दारात उभी केली नाही तर? ती कोणता कागद दाखवणार?

विम्यात तिचं नुसतं नाव लिहिलं की झालं, असं वैजनाथ म्हणतो. हार घातला होता का, कुणी विचारत नाही.

६ जानेवारी

वैजनाथ आला होता. फॉर्म भरला. आजाराच्या रकान्याशी पेन थांबवून म्हणाला, "मामा, साखर लिहायची न्हाय."

"मग उद्या त्यांना कळलं तर? धुरपदाला पैसे देतील का?"

"तीन वर्षं पॉलिसी चालली की कंपनीला काय बोलता येत न्हाय."

"म्हणजे मला तीन वर्षं मरता येणार नाही."

"तेवढं करा की मामीसाठी," म्हणून हसला.

धुरपदा चहा घेऊन आली. माझा बिनसाखरेचा, त्याचा गोड. तो चहा घेत नाही म्हणाला, म्हणून त्याचाही तिनंच संपवला. मला म्हणाली, "काय लिहायलाव सारखं त्या वहीत?" मी म्हणालो, काही नाही.

साखरेच्या रकान्यात "नाही" लिहिलं. सही केली. सही माझी वाटेना.

९ जानेवारी

न्हाणीत मुंग्या लागल्या आहेत.

नऊ वर्षांपूर्वी असंच झालं होतं. मोरीच्या दगडाजवळ काळ्या मुंग्यांची रांग बघून धुरपदानंच मला दवाखान्यात धाडलं. ती म्हणाली होती, "तुमच्या मुतात साखर हाय, बगा मुंग्या कशा जमल्यात." डॉक्टरसुद्धा हसला होता, पण ती बरोबर निघाली.

म्हणजे माझी साखर पुन्हा वाढली. रात्री क्वचित उठतो तेव्हा अंधारात परसाकडं जात नाही, न्हाणीतच बसतो. एवढ्यानंही मुंग्या आल्या म्हणजे किती वाढली असेल? आजपासून भात बंद. सकाळी कारल्याचा रस. गोळी दोन वेळची तीन वेळा घेणार. डॉक्टरला सांगणार नाही, तो ओरडेल.

धुरपदानं न्हाणीत उकळतं पाणी ओतलं. तीही रात्री सारखी उठते. तिला तहान लागते. थंडीत कसली तहान, म्हणून मी चिडलो. झोपमोड होते.

१४ जानेवारी, संक्रांत

दीपमालानं धुरपदाला बांगड्या भरायला नेलं. नेहमीच्या मापाच्या बांगड्या हातातून आपोआप निघायला लागल्या. कासारणीनं पोरीच्या मापाच्या घातल्या म्हणे. धुरपदा हसत सांगत होती, "आता म्या नवरी झाले."

संध्याकाळी बजरंग तिळगूळ घेऊन आला. धुरपदाच्या पाया पडला. मग मला बाहेर बोलावून म्हणाला, "आबा, माय लई वाळली हो. ध्यान हाय का तुमचं?"

मला राग आला. म्हणजे मी तिला खायला घालत नाही, असं त्याला म्हणायचं आहे. शेत नावावर केलं नाही याचा हा टोमणा. मी म्हणालो, "तुझी चूल वेगळी आहे, तू तिकडं बघ." तो निघून गेला. दारात त्यानं नवीन चपलांचा जोड ठेवला होता. मऊ, बायकी. धुरपदानं घालून बघितला, पण अंगठ्याला लागतो म्हणून काढून ठेवला.

माझ्या वाटचे तिळाचे लाडू तिला दिले. वाया कशाला जायचे.

२० जानेवारी

उद्या उमरग्याला तपासणी आहे. वैजनाथचा फोन आला. "मामा, रक्ताचं ठीक हाय, तुमी उपास करायलाव. पण लघवीत साखर निघाली की खलास. तुमी मामीची घेऊन या."

"काय?"

"बाटलीत घेऊन या. आत जाऊन त्यांच्या डब्यात ओता. मामीला काय धाड भरलीय? एकदम साफ निघंल."

दुपारभर तिला कसं विचारावं कळेना. एकदा गोठ्यात गेलो, एकदा परत आलो. शेवटी भाकरी थापताना पाठमोरी होती तेव्हा सांगितलं. तिचे हात थांबले. मग अशी हसली की पीठ चुलीत सांडलं.

"इमा तुमचा आन् मुतू म्या?"

"हळू बोल. दीपमाला ऐकेल."

"ऐकू द्या की. सासूच्या मुतालाबी भाव आलाय म्हणंल."

तरी ती हो म्हणाली. "मी मागं राहिले तर मला लागतील ते पैसे," असं ती म्हणाली नाही. मीच मनात म्हणालो. खोकल्याच्या औषधाची बाटली तिनं चुलीवर उकळून घेतली.

२१ जानेवारी

तपासणी झाली. बाटली शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली होती. एसटीत खिडकीशी बसलो तरी घाम येत होता. सगळ्यांना वास येतो आहे असं वाटत होतं.

रक्त काढलं. डॉक्टरीण तरुण होती, गोड बोलायची. "काका, चक्कर येते का? घाबरू नका." मी म्हणालो, काही होत नाही. खरं तर डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. कालपासून पोटात काही नाही आणि गोळ्या घेतलेल्या. डबा घेऊन आत गेलो. भिंत धरली. बाटलीचं बूच काढल्याचं आठवतं. डबा भरून बाहेर आणून दिल्याचं आठवतं. मधलं नीट आठवत नाही.

स्टँडवर एकानं केळं दिलं, ते खाल्लं म्हणून घरी पोचलो. धुरपदा म्हणाली, "झालं का माझं काम?" आणि हसली. तिचा अंगठा सुजला आहे. धसकटाची जखम अजून ओली. मी म्हणालो, हळद लाव. तिनं लावलीच होती.

२ फेब्रुवारी

वैजनाथ आला, पण गाडीवरून उतरला नाही. हेल्मेट तसंच.

"मामा, लाजून आपलीच दिली व्हय?"

रक्त बरं निघालं. पण लघवीत साखर चार प्लस. त्याच्यापुढं काही लिहिता येत नाही म्हणे. वर लघवीतून प्रथिनं जातात, म्हणजे मूत्रपिंड गळायला लागलं आहे. कंपनीनं अर्ज अडवून ठेवला आहे.

"मी तिचीच दिली रे. देवीशपथ."

"मग बाटलीत खोकल्याचं औषध ऱ्हायलं आसंल."

"उकळली होती. आणि औषधानं मूत्रपिंड गळतं का?"

त्यानं धुरपदाकडं बघितलं. ती ओसरीत तांदूळ निवडत होती. "मामी, तुमीच दिली न्हवं?"

"मग काय म्हशीची दिली?" ती म्हणाली.

तो हसला नाही. जाताना म्हणाला, "मामा, तुमाला चक्कर आलती म्हणलाव ना? आत काय ओतलं तुमालाच ठावं न्हाय."

३ फेब्रुवारी

रात्रभर तेच. वैजनाथ म्हणतो तेच खरं असणार. भिंत धरली तेव्हा डोळे मिटले होते. बाटली खिशात राहिली आणि डब्यात माझीच गेली. बाटली घरी आणली तेव्हा भरली होती की रिकामी? धुरपदाला विचारलं. ती म्हणाली, न बघता उकिरड्यावर फेकली. उकिरड्यावर जाऊन शोधली. सापडली नाही.

म्हणजे मूत्रपिंड माझंच गेलं आहे. गावातल्या भीमाशंकरचा भाऊ असाच गेला, सोलापूरला आठवड्यातून दोनदा मशीनवर जायचा. आता मला तीन वर्षं कुठली मिळतात?

८ फेब्रुवारी

धुरपदाला सगळं सांगून ठेवतो आहे. गोठ्याची किल्ली कुठं, रेशनचं कार्ड कुठं, बँकेचं पुस्तक कुठं. ती ऐकता ऐकता बसल्या जागी झोपी जाते. मी मरायला टेकलो आहे आणि हिला झोप येते. फार वाईट वाटलं.

जेवताना वरणात खडा लागला. दाढ कळवळली. मी ओरडलो, "निवडता येत नाही तर दिसत नाही म्हण." ती म्हणाली, "न्हाय दिसत." उलट उत्तर देते, असं वाटलं. नंतर ती बाहेर बसून गोधडी शिवायला सुई ओवत होती. खूप वेळ ओवत होती. शेवटी दीपमाला आली आणि तिनं ओवून दिली.

मी सातूचं पाणी पितो आहे. मूत्रपिंडाला चांगलं असतं. धुरपदा म्हणाली, मलाबी द्या, तहान लागलीय. अर्धं तिला दिलं.

१३ फेब्रुवारी

कालपासून वैजनाथकडं उमरग्याला आहे. कंपनीला कळवायच्या आधी ओळखीच्या डॉक्टरला दाखवून घेऊ, असं त्याचं म्हणणं. आज रक्त दिलं, पोटाचा फोटो काढला. उद्या कळेल. बहिणीनं आग्रह केला म्हणून अर्धी भाकरी खाल्ली. धुरपदाला फोन लावला, उचलला नाही. झोपली असेल. हल्ली दिवसाही झोपते.

१५ फेब्रुवारी

हे काल लिहायला हवं होतं. काल जमलं नाही.

काल सकाळी डॉक्टर म्हणाला, "आजोबा, साखर आहे, पण मूत्रपिंडं ठणठणीत. आणि गोळ्या मनानं वाढवू नका, त्यानंच चक्कर आली. तो आधीचा रिपोर्ट तुमचा असूच शकत नाही." वैजनाथ म्हणाला, "म्हणजे लॅबवाल्यांनी डबे बदलले." मला इतका आनंद झाला की स्टँडवर पेढ्यांचा पुडा घेतला. धुरपदाला पेढे आवडतात. दोन रात्री एकटी होती बिचारी.

घरी आलो. ती खाटेवर झोपली होती. हाक मारली, नुसती हुं म्हणाली. पाय धुवायला न्हाणीत गेलो.

मुंग्या होत्या. मोरीच्या दगडापासून उंबऱ्यापर्यंत काळी रांग. काही पाण्यात बुडून मेलेल्या, त्यांच्यावरून दुसऱ्या चाललेल्या.

मला आधी वाटलं, माझीच साखर. मग वाटलं, मी दोन दिवस इथं नव्हतो.

हातात पुडा तसाच. आंबील आठवली. बांगड्या आठवल्या. माझ्या वाटची खीर, माझ्या वाटचे लाडू, वैजनाथचा चहा. न दिसलेला खडा. डब्यात मी काय ओतलं ते आता आठवलं. बूच काढलं होतं, बाटली रिकामी केली होती. डबा बरोबर होता. लॅब बरोबर होती.

तिच्या पायावरचं फडकं काढलं. अंगठा काळा पडला होता. वास आला.

मी बजरंगला हाक मारली. तो आला. त्यानं पाय बघितला आणि माझ्याकडं बघितलं. तिला लेकरासारखी उचलली. पिकअपमध्ये दीपमालानं गादी टाकली. धुरपदा मध्येच म्हणाली, "पेढं आनलाव का?" तिला वासावरून कळलं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, किती वर्षांपासूनची साखर आहे कुणाला माहीत, आणखी दोन दिवस गेले असते तर उठली नसती. अंगठा काढावा लागेल, नाहीतर पाय जाईल. कागद पुढं केला. "नातेवाईक कोण? नातं काय?"

मी चष्मा शोधायला लागलो. नवरा म्हणून लिहावं तर ते पुरावा मागतील का, हार घातले होते ते सांगावं का, कुणाला साक्षीला आणावं, त्यातली बरीच माणसं तर आता नाहीत. चष्मा खिशातच होता. तोपर्यंत बजरंगनं पेन घेतलं, "मुलगा" लिहिलं आणि सही केली. बाईनं कागद उचलला आणि गेली. तिनं काहीच विचारलं नाही.

२२ फेब्रुवारी

अंगठा काढला. आता तिला रोज पोटात सुई घ्यावी लागणार. मूत्रपिंडं निम्मी गेली आहेत, पण मशीन लागणार नाही, सध्या तरी. डॉक्टर "सध्या तरी" फार वेळा म्हणतात.

बजरंग घरी गेलाच नाही. पायऱ्यांवर झोपतो. आज त्याला म्हणालो, "शेताचा कागद करून घे." तो म्हणाला, "आबा, ते ऱ्हावू द्या आता. मायला मऊ भात कुठं मिळंल ते बगा."

धुरपदाला सगळं सांगितलं. खीर, लाडू, बाटली, सगळं.

"तुमच्या इम्यानंच वाचले म्हणा की मग."

"मी तुला गोड खाऊ घालत होतो, धुरपदा."

"म्या खात हुते की. कुणी तोंड दाबून घातलं व्हय?"

पण तोंड भिंतीकडं वळवलं. संध्याकाळपर्यंत तशीच पडून होती. मी पाणी दिलं ते घेतलं.

१ मार्च

वैजनाथ दवाखान्यात आला. मामीच्या पाया पडला, रडला. मग बाहेर नेऊन म्हणाला, "मामा, लॅबची चूक म्हणून लिहून देऊ. पुन्हा तपासणी होईल. तेवढं पंधरा दिवस नीट ऱ्हावा."

मी म्हणालो, "साखर लिही. नऊ वर्षं म्हणून लिही."

"मग हप्ता वाढवतील, न्हायतर न्हाय म्हणतील."

"म्हणू दे."

"आन् ती लघवी कुणाची, तेबी लिहू का? माझी एजन्सी जाईल, मामा."

"ते तू बघ," म्हणालो. तेवढं धाडस माझ्यात नाही. साखर तेवढी लिहून घेतली. सही केली. ही सही माझी वाटली.

१९ मार्च

आम्ही घरी आलो त्याला बरेच दिवस झाले. सुई दीपमाला देते. तिच्याकडं बघून मी शिकतो आहे, पण माझा हात हलतो म्हणून धुरपदा मला जवळ येऊ देत नाही. चपला बजरंगनं चांभाराकडून पुढून कापून आणल्या.

आज कंपनीचं पत्र आलं. वैजनाथनं फोनवर वाचून दाखवलं. सध्या विमा देता येत नाही, सहा महिन्यांनी नवीन तपासणी करून पुन्हा अर्ज करावा.

धुरपदाला सांगितलं. ती चटणी वाटत होती.

"म्हंजी आता सहा महिनं मरू नगा."

"आणि तू?"

"मला कुणी मुदत दिलेली न्हाय," म्हणाली.

मग मला काळजी वाटली, की हे ती चेष्टेनं म्हणाली की खरंच. विचारायचं धाडस झालं नाही.

२० मार्च

सकाळी न्हाणीत गेलो. रोज जातो. दवाखान्यातून आल्यापासून मुंग्या दिसल्या नव्हत्या. आज दगडाजवळ होत्या, तीन-चारच. बसून बघत राहिलो. तिच्या की माझ्या, कळायला मार्ग नाही. धुरपदा दारात येऊन उभी राहिली, तिनंही बघितलं.

आत आलो. मी गोळी घेतली, तिनं सुई घेतली, आणि दोघंही बिनसाखरेचा चहा प्यालो.